गार्ड गाडयेत हा

मे महिन्याच्या शेवटी आमच्या वाडीत पाखरांपेक्षा लोखंड कापणाऱ्या-घासणाऱ्या ग्राइंडरचा आवाज जास्त. पाऊस दाराशी आलेला असतो आणि वर्षभर कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं लोखंड सगळ्यांना एकदम आठवतं. खिडक्यांचे गज, गेटची बिजागरं, विहिरीवरची जाळी, शेडचे पाइप. मालवणच्या या पट्ट्यात समुद्र दिसत नसला तरी रात्री त्याची गाज ऐकू येते, आणि जिथे गाज पोचते तिथे खारही पोचतो. आमच्या पडवीच्या ग्रिलचे खालचे गज असेच पोखरले होते. वरून रंग शाबूत, बोटाने दाबलं की पापुद्रा सुटून आत तांबडा भुगा. ग्रिलवाला मुलगा आला. पाणंद अरुंद म्हणून टेम्पो रस्त्यावरच वडाखाली ठेवला, खांद्यावर वायरीचं भेंडोळं आणि हातात चार इंची ग्राइंडर घेऊन खळ्यात उतरला. मशीनची मान उघडी होती. व्हीलभोवती असतो तो अर्धगोल लोखंडी गार्ड नव्हता. मी विचारलं, “अरे, गार्ड कुठाय?” तो वायर सोडवता सोडवता म्हणाला, “गार्ड गाडयेत हा, ताई.”

एवढंच. पुढे कितीतरी दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

हरवला म्हणाला असता, तुटला म्हणाला असता, गार्डबिर्ड काय लागत नाही म्हणाला असता, तर मी नेहमीसारखं मनात दोन शब्द सुनावून विषय सोडून दिला असता. पण गार्ड होता. त्याने तो टाकला नव्हता. रोज टेम्पोतून वाडीवाडीत फिरत होता तो गार्ड, हत्यारांच्या पेटीत, बहुधा त्याच्या स्क्रूसकट. म्हणजे त्या मुलाला त्याची किंमत कळत होती. मग मशीनपासून दीडशे पावलांवर तो का?

मी हे बघ्यांच्या जागेवरून लिहीत नाही. माझ्याकडे एक ग्राइंडर आणि लाकूड घासायचा एक ऑर्बिटल सँडर आहे, आणि घरातली दारं, झोपाळ्याची फळी, आजीचा फडताळ हे सगळं गेली काही वर्षं मीच घासत आले आहे. फणसाच्या लाकडावर सँडर फिरवताना जी पिवळी धूळ उडते ती भुवयांवर बसते, घामात मुरते, आणि न्हाणीत पाण्याबरोबर हळदीसारखी वाहून जाते. मशीन हातात धरण्यात एक सुख आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. वडिलांच्या वेळी मेस्त्री रंध्याने आणि पॉलिश पेपरने एका दारावर तीन-तीन दिवस बसत. तेच दार आता एका सकाळीत हाताला गुळगुळीत लागतं. आणि मशीन हातात असलं की आपण जरा मोठे झालो आहोत असं वाटतं, हेही खरं. ग्राइंडरच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्याच्यासमोर लोखंड हरतं.

पण त्या छोट्या मशीनमध्ये काय चाललेलं असतं ते आकड्यांत मांडलं की हात आपोआप सैल पडतो. चार इंची व्हील म्हणजे १०० मिलिमीटर. मशीन मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतं. म्हणजे व्हीलची कड सेकंदाला ५७ मीटर पळते, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. कापायचं व्हील जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाड. राळेत बसवलेले खरखरीत कण आणि आत काचेच्या धाग्यांची जाळी, बस. पाइप कापता कापता खाच मिटली, व्हील चिमटलं, की एकतर मशीन अंगावर उसळतं, नाहीतर व्हील फुटतं. फुटलेला तुकडा त्या क्षणी ज्या दिशेला सुटतो तिकडे जातो, आणि गार्ड नीट फिरवून बसवला असेल तर ती दिशा आपल्या तोंडाची नसते. गार्डचं काम एवढंच. याच्यावर आणखी एक खेळ आमच्याकडे सर्रास चालतो: गार्ड काढायचा आणि चार इंची मशीनला बुश, म्हणजे व्हीलचं मोठं भोक भरून काढणारं कडं, घालून सात इंची व्हील चढवायचं, म्हणजे जाड चॅनल एका दमात कापला जातो. त्या मोठ्या व्हीलवर कंपनीने ८० मीटर प्रतिसेकंद ही मर्यादा आणि साधारण ८,५०० फेरे छापलेले असतात. ११,००० फेऱ्यांवर त्याची कड शंभरीच्या पार जाते. लाकूड कापायला दातेरी ब्लेड चढवणारेही पाहिले आहेत. त्या ब्लेडचा दात लाकडात अडकला की मशीन हातात राहत नाही, यापलीकडे त्याबद्दल लिहायची माझी इच्छा नाही.

तर गार्ड का काढतात? ग्रिलवाल्या पोराने कारण सांगितलं होतं. “गार्ड लावलो तर कोपऱ्यात व्हील पोचणा नाय.” खरं आहे, काही अंशी. चौकटीला लागून असलेला गज कापताना गार्ड आडवा येतो. पण तो फिरवता येतो. मानेभोवतीच्या पट्टीचा स्क्रू सैल करायचा, गार्ड हवा तसा वळवायचा, परत आवळायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याची पेटी उघडी होती त्या दिवशी, गज जोडायला वेल्डिंगचं सामान आणायला तो गेला तेव्हा मीही टेम्पोपर्यंत गेले. गार्ड पाहिला. मानेला आवळणाऱ्या पट्टीचा स्क्रू गंजून पट्टीशी एकजीव झालेला, त्याची खाच पाना-पेचकस मारून मारून गोल झालेली. पट्टी मध्ये वाकवून, उपटून काढलेली दिसत होती. हा गार्ड एका पावसाळ्यात जाम झाला असणार. मग कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या दारात, ऊन वर येत असताना, कोपऱ्यातल्या गजासाठी तो फिरवायला गेला असणार आणि फिरला नसणार.

निष्काळजीपणा, बेफिकिरी, शिक्षणाचा अभाव असे जे शब्द आपल्या तोंडी तयार असतात ते सगळे त्या गोल झालेल्या स्क्रूपुढे मला पोकळ वाटले. सुरक्षेची सगळी साधनं आधी खाऱ्या हवेत मरतात, आणि मग माणूस त्यांच्याशिवाय काम करायला शिकतो.

एकदा हे दिसलं की सगळीकडे तेच दिसायला लागलं. वायरीच्या टोकाला प्लग नसणं, उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून वर काड्या खोचणं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण प्लग जातो कसा? पिना हिरव्या पडतात, सॉकेटात सैल बसतात, तापतात, प्लॅस्टिक वितळतं. नवा प्लग घ्यायला बाजारात जायचं तर सकाळ जाते. ग्राइंडरच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. म्हणजे आतलं इन्सुलेशन दुहेरी आहे, म्हणून त्याला दोनच पिना, अर्थिंग लागत नाही. पण ते दुहेरी इन्सुलेशन मशीनच्या पोटात. सोललेल्या वायरीला आणि नुकत्याच सारवलेल्या ओल्या खळ्याला ते काय करणार? आमच्याकडे मी बाहेरच्या बोर्डाला ३० मिलीअँपिअरचं ब्रेकर बसवून घेतलं. करंट अंगातून जमिनीत वाट शोधायला लागला की ते पडतं. सुरुवातीला दर पावसाळ्यात ते उगाच पडतं म्हणून घरच्यांनी कुरकुर केली. ते उगाच पडत नव्हतं. गेटच्या दिव्यात पाणी जात होतं.

स्विचचंही तसंच. सरकवून दाबला की अडकून राहणारा स्विच असतो, त्यात लोखंडाची धूळ आणि घाम जाऊन तो मागे यायला आढेवेढे घेतो. आता यात आमच्या वळवाची भर घाला. ढग गडगडले की लाइट जाते. मशीन हातातल्या हातात गप्प होतं, माणूस ते तसंच ओटीवर ठेवून पाणी प्यायला जातो. स्विच चालूच. लाइट परत येते तेव्हा ओटीवर कुणी नसतं, आणि ग्राइंडर आपला आपण उठून सरपटायला लागतो. शेजारच्या घरी हे झालं तेव्हा व्हीलने शहाबादीवर अर्धवर्तुळ कोरलं आणि स्वतःची वायर कापून थांबलं. पोरं शाळेत होती. काही मशीनमध्ये लाइट परत आल्यावर स्विच बंद-चालू केल्याशिवाय फिरू न देणारी सोय असते, पण आमच्या बाजारात जी खपतात त्यांत बहुधा नसते. म्हणून लाइट गेली की पहिल्यांदा प्लग ओढायचा, पाणी नंतर.

डोळ्यांबद्दल लिहायचं मी टाळत होते. ठिणग्या बघायला फार सुंदर असतात. पण त्या दिवशी संध्याकाळी ग्रिलशेजारच्या खिडकीची काच पुसताना बोटाला बारीक खरखर लागली. ठिणग्या काचेत वितळून रुतल्या होत्या. दोन दिवसांनी ओटीच्या पांढऱ्या लादीवर तांबूस ठिपके उमटले, दव पडून लोखंडाचे कण गंजले होते. बंदरावर फायबरच्या होड्यांशेजारी कुणी ग्राइंडर चालवायला लागला की होडीवाले ओरडतात ते याच भीतीने. पांढऱ्याशुभ्र होडीला सकाळी वांग उठतात. आता हाच कण बुबुळावर बसला तर तोही तिथे तसाच गंजतो. चोवीस तासांच्या आत त्याच्याभोवती गंजाचं कडं धरतं. रुमालाचं टोक वळून तो काढण्यात आमच्याकडे काही माणसं पटाईत समजली जातात. कण निघतो, कडं राहतं, वर ओरखडा पडतो तो वेगळा. डॉक्टर थेंब घालून डोळा बधिर करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईने कण टिपतात. जायचं ते सरळ तिकडे. आणि गॉगल का घालत नाहीत? मे महिन्यात इथे गॉगल घालून पाच मिनिटं काम करून बघा. घाम पापणीवरून आत ओघळतो, काच धुरकटते, पुसली की चरे पडतात, आणि चरे पडलेल्या काचेतून व्हीलची कड दिसत नाही. न दिसणारी कड उघड्या डोळ्यापेक्षा भयंकर. मी कपाळाला सुती पट्टी बांधते, गॉगल साबणाच्या पाण्याने धुऊन आपोआप वाळू देते आणि जुन्या मोज्यात ठेवते. दर वर्षी नवा घेते. त्याची किंमत एका मध्यम पापलेटाहून जास्त नाही.

सँडर त्या मानाने साधा जीव. तो मारत नाही, मुरतो. त्याची पाटी एकाच वेळी गोल फिरते आणि थरथरते, म्हणूनच त्याच्यावर जोर द्यायचा नसतो. दाबलं की फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते, लाकडावर शेपटीसारखे वळसे उमटतात आणि पाटीवरचं वेल्क्रो तापून वितळतं. लाकडावर टेकवून मगच सुरू करायचा, मशीनच्या वजनाने जेवढं घासेल तेवढं घासू द्यायचं. पेपर ८० नंबरवरून एकदम २२० वर उडी मारली तर ८० चे ओरखडे पॉलिश लावल्यावर वर येतात, तेव्हा मध्ये १२० आणि १८० हवेतच. पावसाळ्यात पेपर दमट होऊन कडेने वळतो, मागचं वेल्क्रो धरत नाही, भुगा लाकडाला चिकटून बसतो. श्रावणात मी सँडरला हात लावत नाही, गणपतीचा पाट कितीही खुणावत असला तरी.

भुशाचं कौतुक मात्र आता ओसरलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालच्या अहवालातच लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली. नाकाचा कर्करोग, विशेषतः कठीण लाकडाच्या धुळीने. साग, शिसव, आमचं ऐन, किंजळ. मशीनची पिशवी मोठा भुसा धरते, जो दिसतच नाही तो हवेत राहतो. म्हणून एन-९५ मास्क. पण तो घामाने भिजला की त्यातून श्वास ओढवत नाही आणि माणूस तो हनुवटीवर ओढतो. गॉगलची गोष्ट पुन्हा. मी भिजला की बदलते, दोन-तीन जवळ ठेवते, आणि दहाच्या आत काम आटोपते. जागाही पाहून बसते. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, उन्हं तापली की खारा वारा उलटा घरात शिरतो. भुसा आपल्या तोंडावर येणार की माडांत जाणार ते त्यावर ठरतं.

जुन्या खिडक्यांच्या हिरव्या ऑइलपेंटला मी सँडर लावलाच नाही. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या, आत असायला हवं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमच्या खिडक्यांचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा, थरावर थर. तो मशीनने उडवणं म्हणजे शिशाची पूड करून घरभर फुंकणं. वॉटर पेपर, पाणी, हात. रांगणारं मूल घरात असेल तर तेही नको, शाबूत रंग तसाच राहू दिलेला बरा.

व्हीलचंही वय असतं, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि साल कोरलेलं असतं, तयार झाल्यापासून साधारण तीन वर्षांचं. त्यातली राळ ओल धरते आणि कमजोर होते. आमच्या बाजारात ही व्हीलं दुकानाच्या दाराला सुतळीत ओवून टांगलेली असतात, जुलैच्या झडीत रात्रंदिवस. पापड सादळला तर हाताला कळतं, व्हील सादळलं तर कळत नाही. आख्खं, करकरीत दिसतं. म्हणून मी कोरड्या डब्यात ठेवते, आणि नवं चढवलं की मशीन जमिनीकडे धरून, स्वतः बाजूला उभी राहून मिनिटभर मोकळं फिरवते. जे फुटायचं ते बहुतेक तेव्हा फुटतं.

माझी देखभाल म्हणजे काही फार शास्त्रोक्त नाही. काम संपलं, प्लग काढला, की पेंटिंगच्या ब्रशने झरोके झाडायचे. ग्राइंडरचा पंखा लोखंडाची पूड आत ओढतो आणि ती पूड कॉइलवर बसली की शॉर्ट करते. मागच्या झरोक्यातून ठिणग्यांचं कडं दिसायला लागलं किंवा मशीन अडखळलं की कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे, बघायचे, झिजून पाच-सहा मिलिमीटरवर आले असतील तर दोन्ही एकदम बदलायचे. मान हाताला न धरवण्याइतकी तापली तर गिअरमधलं ग्रीस. आणि गार्डच्या स्क्रूला थेंबभर तेल. हे सगळं मी निवांत करते, कारण माझी सकाळ माझी असते. त्या पोराला फुटावर पैसे मिळतात. पाऊस पडायच्या आत त्याला आणखी सात घरं करायची होती, आणि माझ्याच ग्रिलला उशीर झाला असता तर फोन करून तगादा मीच लावला असता. त्याच्या गार्डबद्दल बोलायचा मला किती अधिकार आहे, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

तरी मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. कार्बन सगळ्या कंपन्यांचे, व्हीलं ढिगाने, सँडरच्या पाट्यासुद्धा. गार्ड नाही. “कार्बन मागतत, व्हील मागतत. गार्ड कोण इचारता?” दुकानदार म्हणाला. मागवून देईन म्हणाला, पण मशीनचं मॉडेल हवं, नुसतं चार इंची म्हणून भागत नाही, मानेच्या कॉलरचं माप प्रत्येकाचं वेगळं. मी पोराला फोन लावला. मॉडेलची पाटी अंगठ्याखाली घासून केव्हाच कोरी झाली होती. मग म्हटलं, नवा राहू दे, जुनाच सोडवू. स्क्रूवर रात्रभर तेल सोडून ठेव, सकाळी डोक्यात हॅक्सॉच्या पात्याने नवी खाच पाड, मग पेचकस लाव. निघाला तर तो परत घालू नकोस, त्याच मापाचा स्टेनलेसचा घाल. तो “बरां” म्हणाला आणि विचारलं, स्टेनलेसचा सुटा एक मिळतो की पाकीटच घ्यावं लागतं? सुटा मिळतो. मी चार घेतले आहेत, तो विहिरीच्या जाळीला येईल तेव्हा देईन.